‘लिंक बायोमध्ये आहे’ म्हणणाऱ्याची जबाबदारी किती?

हळदीचा_पेठवाला
नमस्कार मंडळी, मी इथे वर्षानुवर्षे वाचनमात्र, पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमचे दाजी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायचा कारखाना) नोकरीला आहेत, साधा माणूस, तंबाखूसुद्धा खात नाही. त्यांचे तीन लाख चाळीस हजार गेले. कशात तर म्हणे ‘कॉइन स्टेकिंग’, म्हणजे कॉइन अडकवून ठेवा आणि त्यावर परतावा घ्या, एक ॲप, रोज दीड टक्का. सुरुवातीला दहा हजार टाकले, चार आठवड्यांत बेचाळीसशे रुपये खरोखर बँकेत आले, मेसेज वाजला. मग हळूहळू वाढवत नेले, शेवटचे दीड लाख ताईच्या पाटल्या गहाण ठेवून. आता पैसे काढायला गेलं की स्क्रीनवर येतं, आधी १५ टक्के टॅक्स भरा मग रक्कम सुटेल. नशीब तो टॅक्स भरायच्या आधी मला फोन केला.

आता मुद्दा. ॲपवाला कुठल्या देशात बसलाय देवाला माहीत, त्याचं सोडा. पण दाजींना हे कळलं कुठून, तर एका मराठी चॅनलवरून. गाडीत बसून सीटबेल्ट लावून बोलणारा एक जण, “मित्रांनो मी स्वतः टाकलेत हा बघा स्क्रीनशॉट, लिंक बायोमध्ये आहे, माझ्या लिंकनेच जॉइन व्हा म्हणजे बोनस मिळेल”. दाजींनी त्याला मेसेज केला तर आधी ‘सर्व्हर इश्यू आहे थांबा’, दुसऱ्या दिवशी ब्लॉक, तिसऱ्या दिवशी व्हिडिओ प्रायव्हेट. चॅनल चालूच आहे, काल मोबाइल कव्हरचा व्हिडिओ टाकलाय. याची काहीच जबाबदारी नाही का? कायदा काय म्हणतो?

नानापेठी
रोज दीड टक्का. चक्रवाढीने लाखाचे वर्षात सव्वादोन कोटींच्या वर होतात. हे खरं असतं तर रिझर्व्ह बँकेनेच पैसे तिथे ठेवले असते. दाजींबद्दल वाईट वाटतं पण लोभ कुणाचा होता हेही विचारा.

हळदीचा_पेठवाला
@नानापेठी लोभ होताच, नाही कोण म्हणतंय. पण बीमवर किती मीटर सूत बसतं ते तोंडी सांगणारा माणूस आहे, गणित येत नाही असं नाही. ते गणित करायचंच राहिलं, कारण समोरचा आपल्याच बोलीत, आपल्यासारखाच शर्ट घालून सांगत होता की मी केलंय. हेच इंग्रजीत टाय लावून कुणी सांगितलं असतं तर दाजींनी दुसऱ्या सेकंदाला पुढे ढकललं असतं.

वाळवणाची_खाट
+१. मराठीत सांगितलं की खरंच वाटतं. माझ्या सासूबाई तर ‘नमस्कार मंडळी’ म्हणणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवतात.

काळा_कोट
मी वकिली करते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते. (सल्ला समजू नये, आणि फीचं बिल पाठवणार नाही.)

पहिलं म्हणजे आजच्या आज सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका, बाकी चर्चा नंतर. जितकं लवकर, तितकी पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता. यूपीआयचे सगळे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) काढून ठेवा.

आता जाहिरात करणाऱ्याचं. लोकांचा समज असतो की क्रिप्टोला कायदाच नाही म्हणजे सगळं मोकळं रान. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २१ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत जो शिफारस करतो त्यालाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदी. सुटायची वाट एकच ठेवलीय, की मी योग्य ती खातरजमा केली होती हे दाखवा. “कंपनीने स्क्रीनशॉट पाठवला होता” याला खातरजमा म्हणत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने सोशल मीडियावाल्यांसाठी सूचनाही काढल्या, पैसे किंवा फायदा घेतला असेल तर ठळकपणे सांगा म्हणून.

दुसरा कायदा लोकांना फारसा माहीतच नाही, २०१९ चाच, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा. त्यातलं कलम ५ मला फार महत्त्वाचं वाटतं. अशा योजनेत पैसे टाकायला लावण्यासाठी जाणूनबुजून खोटं विधान, आश्वासन किंवा भाकीत करणं हाच गुन्हा, शिक्षा एक ते पाच वर्षं. ते करणारा योजनेचा मालकच असायला हवा असं नाही, “कोणीही व्यक्ती”. अडचण दोन ठिकाणी येते. ‘जाणूनबुजून’ सिद्ध करायचं, आणि दुसरं म्हणजे समोरचे म्हणतात ही ठेव नाहीच, हे तर टोकन विकत घेतलं. पण पैसे घेऊन ठराविक परताव्याचं वचन दिलं असेल तर टोकन म्हणा नाहीतर चिंचोका म्हणा, मूळ व्यवहार तोच राहतो असं माझं मत. आपल्या राज्याचा १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा, कायदाही आहे, मालमत्ता जप्तीसाठी त्याचा उपयोग होतो.

नानापेठी
आणि त्या ॲस्कीच्या नियमांचं काय? ती पट्टी यायची ना खाली, क्रिप्टो उत्पादनं अनियंत्रित आहेत, जोखमीची आहेत वगैरे.

काळा_कोट
१ एप्रिल २०२२ पासून आहेत ते. क्रिप्टोच्या जाहिरातीत ‘करन्सी’, ‘सिक्युरिटीज’ असले शब्दच वापरायचे नाहीत, धोक्याची सूचना ठळक द्यायची, आणि नामवंतांनी आधी नीट चौकशी करायची. पण ॲस्की ही जाहिरातवाल्यांची स्वतःची संस्था, तिच्या हातात बेड्या नाहीत. व्हिडिओ मराठीत असेल तर सूचनाही मराठीत हवी, प्रत्यक्षात ती डिस्क्रिप्शनमध्ये तीस हॅशटॅगच्या खाली इंग्रजीत पडलेली असते.

हळदीचा_पेठवाला
तक्रार टाकली ताई @काळा_कोट, पावती नंबर आला. धन्यवाद.

गोदाकाठचा_मास्तर
मी नांदेडचा. हे सगळं वाचून २०१६-१७ आठवलं. तेव्हा गेनबिटकॉइन नावाची स्कीम होती. दर महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, तेही बिटकॉइनमध्ये. आमच्या शाळेतले एक सर त्यात होते, मी नाव लिहीत नाही कारण ते स्वतःही बुडाले. तेव्हा रील वगैरे नव्हतं, तर सर रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचे, आधी पोहे मग चहा मग ‘क्लाउड मायनिंग’. मायनिंग म्हणजे काय हे हॉलमध्ये एकालाही कळलं नसेल, सरांनाही नाही, पण सर सांगताहेत म्हटल्यावर पुढच्या रांगेतून लोक मागच्या रांगेतल्यांना समजावून सांगायचे!! पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीने स्वतःचंच एमकॅप नावाचं नाणं हातात टेकवलं, त्याला बाहेर कोण विचारतो. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अमित भारद्वाजला धरलं, तो २०२२ मध्ये वारला. आणि कडी म्हणजे तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली, जप्तीतली नाणी वळवल्याच्या आरोपावरून, त्यातला एक तर माजी आयपीएस. प्रकरण नंतर सीबीआयकडे गेलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये साठ ठिकाणी छापे पडले, त्यात पुणे, नांदेड, कोल्हापूर सगळी आपलीच गावं.

सांगायचं काय तर आमच्या सरांना गाव अजून ओळखतं. ते बाजारात वाट बदलून जातात. दोघांचे पैसे त्यांनी पेन्शनमधून फेडले असं ऐकलं. तुमच्या त्या सीटबेल्टवाल्याला वाट बदलायची गरजच नाही, तो ब्लॉक करतो.

टेम्सकाठी_कांदेपोहे
वर ब्लॉक करण्याचं वाचून राहवलं नाही. मी लंडनला असतो. इकडे ८ ऑक्टोबर २०२३ पासून नियम फार कडक केलेत. क्रिप्टोची जाहिरात कोणीही उठून करू शकत नाही, बेकायदा केली तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग. पहिल्यांदा घेणाऱ्याला २४ तास थांबवतात, थंड डोक्याने विचार कर म्हणून, आणि ‘मित्राला आणा, बोनस मिळवा’ हा प्रकारच बंद. सगळे पैसे बुडाले तरी चालतील अशी तयारी असेल तरच गुंतवा, असं मोठ्या अक्षरात लिहावं लागतं. म्हणून फसवणूक थांबली असं नाही हं, टेलिग्रामवर सगळं चालूच आहे. पण रेफरल बोनस बंद करणं ही मला सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटली, कारण रोग तिथेच आहे.

बुल_बेअर_बोका
परत तेच. क्रिप्टो म्हटलं की सगळे फ्रॉड. मी २०२० पासून बिटकॉइन घेतोय, सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचं ते बँकिंग बंदीचं सर्क्युलर रद्द केलं तेव्हापासून, ३० टक्के टॅक्स भरतो, १ टक्का टीडीएस कापला जातो, तोटा झाला तर दुसऱ्या नफ्यातून वजा पण करता येत नाही. एवढा टॅक्स घेता तर थोडी इज्जत द्या. दाजींच्या ॲपचा क्रिप्टोशी काडीचा संबंध नाही, ती साधी पॉन्झी आहे, नव्यांचे पैसे जुन्यांना द्यायची, नाव फक्त कॉइन. इन्फ्लुएन्सर लोकांनी क्रिप्टोबद्दल बोलायचंच नाही का मग?

नानापेठी
@बोका बोलावं की. किती मिळाले ते सांगून बोलावं.

काळा_कोट
@बोका तुमचा पॉन्झीचा मुद्दा बरोबर आहे, आणि तुमच्यासारख्यांनाच त्याचा जास्त राग यायला हवा. बोलण्याबद्दल म्हणाल तर किम कार्डाशियनचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये इथेरियममॅक्स नावाच्या टोकनची इन्स्टावर स्टोरी टाकली, खाली ‘जाहिरात’ असा हॅशटॅगसुद्धा होता. तरी अमेरिकेच्या सेकने (तिथली शेअर बाजाराची नियामक संस्था) पकडलं, कारण अडीच लाख डॉलर घेतले हे सांगितलं नव्हतं. आरोप मान्य किंवा अमान्य न करता साधारण साडेबारा लाख डॉलर भरून ऑक्टोबर २०२२ मध्ये मिटवलं. नुसतं ‘जाहिरात’ म्हणून भागत नाही, आकडा सांगा, असा तिथला नियम. आपल्याकडे आकडा सांगायची सक्ती नाही, ती असती तर “मी स्वतः टाकलेत” याच्या शेजारी “आणि मला यांनी इतके दिलेत” हे ऐकायला लागलं असतं.

वाळवणाची_खाट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कॅमेऱ्यामागचा
बराच वेळ लिहू का नको करत होतो. नवीन आयडी काढलाय, कारण कळेल. माझं एक छोटं चॅनल आहे, ३८ हजार सबस्क्रायबर, सोलर पंप अनुदान, सातबारा ऑनलाइन कसा काढायचा असले व्हिडिओ. यूट्यूबकडून महिन्याला सहा-सात हजार येतात, कधी तेही नाही. दोन वर्षांपूर्वी मेल आला, एका ‘अर्निंग ॲप’चा. साठ सेकंदांचे पंचवीस हजार आणि लिंकवरून जो कोणी येईल त्याचे माणशी तीनशे. माझ्या चार महिन्यांचे पैसे एका मिनिटात.

त्यांनी स्क्रिप्ट पाठवली ती मला अजून पाठ आहे. गुंतवणूक हा शब्द वापरायचा नाही, ‘अर्निंग’ म्हणायचं. पहिल्या तीस सेकंदांत पैसे काढल्याचं दाखवायचं. “रिस्क आहे पण” असं म्हटलं तर चालेल, पण ‘पण’नंतर थांबायचं नाही, लगेच लिंक. मी म्हटलं माझ्याकडे तर अकाउंटच नाही, तर त्यांनी एक तयार लॉगिन दिलं, आत अठ्ठ्याऐंशी हजार रुपये दिसत होते. त्यातून मी कॅमेऱ्यासमोर दोन हजार काढले आणि ते खरंच माझ्या बँकेत आले. म्हणजे व्हिडिओत जे दिसलं ते खरं होतं आणि सगळंच खोटं होतं. मी “मी स्वतः वापरतोय” म्हणालो. एकदाच केला तो व्हिडिओ. पाच महिन्यांनी ॲप उघडायचं बंद झालं.

हळदीचा_पेठवाला
तुम्ही ते गाडीवाले तर नाही ना?

कॅमेऱ्यामागचा
नाही हो. माझ्याकडे गाडी नाही.

नानापेठी
किती लोक आले तुमच्या लिंकवरून?

कॅमेऱ्यामागचा
२१४. डॅशबोर्डवर आकडा दिसायचा, नावं नाही. चौसष्ट हजार दोनशे मिळाले वरचे. बुडाल्यावर मी व्हिडिओ काढून टाकला, दुसरा केला की बाबांनो चुकलं माझं, कुणी पैसे टाकू नका. पहिल्याला एक्केचाळीस हजार व्ह्यूज होते, सॉरीवाल्याला नऊशे. त्यातही निम्मे शिव्या द्यायला आलेले.

गोदाकाठचा_मास्तर
शिव्या द्यायला का होईना आले. पण व्हिडिओ काढायला नको होता तुम्ही. तोच तर पुरावा होता लोकांकडे.

कॅमेऱ्यामागचा
मला वाटलं अजून कुणी बघून फसू नये.

काळा_कोट
दोन्ही करता येतं. शीर्षकात आणि सुरुवातीलाच ठळक लिहायचं की ही योजना बुडाली, लिंक काढायची, कमेंट बंद करायच्या नाहीत, व्हिडिओ ठेवायचा. मेल, स्क्रिप्ट आणि ते तयार लॉगिन जपून ठेवा हो, डिलीट करू नका, आणि एखादा वकील गाठून स्वतःहून पोलिसांना द्या. त्या तयार लॉगिनमुळे योजना मुळातच खोटी होती हे दिसतं, २१४ जणांपैकी कुणाला तरी उपयोग होईल. तुम्हाला त्रास होईल का, तर होऊ शकतो, खोटं सांगत नाही.

बुल_बेअर_बोका
माणूस प्रामाणिकपणे सांगतोय तर लगेच पोलिसांत पाठवताय. यूट्यूबचा व्हिडिओ म्हणजे सगळ्या जगाला उद्देशून बोलणं, मी कुणाच्या घरी जाऊन पाय धरले नाहीत असं कुणीही म्हणेल.

काळा_कोट
हाच बचाव अमेरिकेत घेतला गेला होता. बिटकनेक्ट आठवतंय? महिन्याला चाळीस टक्क्यांपर्यंत देतो म्हणायचे, आपला रोबो ट्रेडिंग करतो म्हणायचे, जानेवारी २०१८ मध्ये गाशा गुंडाळला. संस्थापक म्हणून आरोप आहे तो सुरतचा सतीश कुंभानी. तिथे गुंतवणूकदारांनी प्रवर्तकांवर दावा लावला तर ते म्हणाले आम्ही कुणाला व्यक्तिशः सांगितलं नाही, सगळ्यांसाठी व्हिडिओ टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हे उडवून लावलं. तुम्ही एकाला पत्र लिहिलंत काय आणि हजारोंसाठी व्हिडिओ टाकलात काय, विकत घ्यायला लावणं ते लावणंच, जास्त लोकांना सांगितलंत म्हणून तुम्ही सुटत नाही, असा साधारण सूर. त्यांचा अमेरिकेतला मुख्य प्रचारक ग्लेन आर्कारो, त्याला लोकांनी टाकलेल्या पैशांवर १५ टक्क्यांपर्यंत कमिशन मिळायचं, त्याने गुन्हा कबूल केला आणि ३८ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्या कोर्टांना तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून फार कामाचा आहे.

टेम्सकाठी_कांदेपोहे
कमिशनवरून एक. माझा आतेभाऊ साताऱ्याला एलआयसी एजंट आहे. त्याला परीक्षा द्यावी लागली, लायसन आहे, म्युच्युअल फंड विकायचा तर वेगळा नंबर घ्यावा लागला. हप्ता चुकला तर लोक रात्री दहाला त्याचं दार वाजवतात. आणि हा माणशी तीनशे घेणारा म्हणे ‘कंटेंट क्रिएटर’. अरे डोक्यामागे पैसे घेतोस ना, मग तू एजंटच. विषय संपला माझ्यासाठी.

नानापेठी
सहमत. (यापुढे कधी सहमत होईन याची खात्री नाही.) अवांतर: मोठे लोकही याच वाटेने गेले. सिंगापूरचं वॉल्ड नावाचं क्रिप्टो ॲप, त्यावर बारा टक्क्यांचं ‘एफडी’ म्हणून आपले हिंदी-इंग्रजी फायनान्सवाले यूट्यूबर सांगत होते, ४ जुलै २०२२ ला त्यांनी पैसे काढणंच बंद केलं. एफडी! बँकेच्या एफडीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, याला काय होतं? एक शब्द उसना घेतला आणि त्याबरोबर आजोबांच्या काळापासूनचा विश्वास फुकट मिळाला.

हळदीचा_पेठवाला
अपडेट देतो. काल ताई-दाजींना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेब चांगले होते, ऐकून घेतलं. म्हणाले त्या चॅनलवाल्याचं नाव तक्रारीत घालायचं तर व्हिडिओ दाखवा. व्हिडिओ तर प्रायव्हेट. दाजींच्या फोनमध्ये काहीच नाही. सगळे गप्प. तर ताई म्हणाली माझ्याकडे आहे. तिच्या व्हॉट्सॲपमध्ये त्याचं रील डाउनलोड केलेलं सापडलं, गाडी, सीटबेल्ट, “मी स्वतः टाकलेत”, सगळं. साहेबांनी पेनड्राइव्हवर घेतलं.

मग ते म्हणाले, हे तुमच्याकडे आलं कुठून. आलं नव्हतं, तिनेच पाठवलं होतं, भिशीच्या ग्रुपमध्ये, अकरा बायका आहेत. वर स्वतःची लिंक टाकून, “आमच्या ह्यांना मिळालेत ग, करून बघा”. दोघींनी केलं. एकीचे आठ हजार गेले, दुसरीचे बावीस. ताईला बोनस आला होता नऊशे रुपये, तिने त्यातून पोरीला दप्तर घेतलं. हे दाजींना पण माहीत नव्हतं. ठाण्यातून घरी येईपर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही.

मी इथे सीटबेल्टवाल्याला किती वर्षं आत टाकतात विचारायला आलो होतो. ताई विचारतेय की ते नऊशे परत दिले तर चालेल का, का तीस हजार द्यावे लागतील. मी काय सांगू तिला?

वाळवणाची_खाट
अरे देवा.

काळा_कोट
कायद्याने तिच्यावर काही येईल असं आत्ता तरी मला दिसत नाही, तिला माहीत नव्हतं, तिचे स्वतःचेच गेलेत. पण त्या दोघींना आजच जाऊन सांगू दे, फोनवर नको. त्यांचीही तक्रार १९३० वर करा, यूटीआर घेऊन. आणि तो भिशीतला मेसेज तिने डिलीट केला नाही ना?

हळदीचा_पेठवाला
काल रात्री करत होती. मी फोन काढून घेतला हातातून.

कॅमेऱ्यामागचा
@काळा_कोट ताई, तो तयार लॉगिनवाला मेल सापडला. कुठल्या ठाण्यात द्यायचा, माझ्या गावच्या का जिल्ह्याच्या सायबरला?

काळा_कोट
जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात. आधी वकील बघा, मग प्रिंट काढून घेऊन जा, दोन प्रती, एकीवर पोच घ्या.